हॉलमधली गोधडी

भाचीच्या बाळाची गोधडी थंडीच्या आत हातावेगळी करायची आहे. वरच्या बाजूला आईचं इरकल, खाली सासूबाईंचं विटकं नऊवारी, मधे सुती साड्यांचे थर. बाळासाठी सिंथेटिक नकोच. त्यात धड घाम शोषला जात नाही, थरही सरकतात. धुऊन धुऊन मऊ पडलेल्या सुताला तोड नाही.

हॉलमध्ये गोधडी अंथरली की घराची वाहतूक ठप्प. चार कोपऱ्यांवर पाट आणि खलबत्ता ठेवून कापड ताणलं, मोठे टाचे घातले. आता कडेने धावदोरा घालत, वळसे घेत मध्यापर्यंत पोचायचं. कडेपासून सुरुवात केल्यामुळे कापड तळहाताने आत सारत नेता येतं, कडा सरळ राहतात.

सासूबाई चष्मा सारखा करून टाके तपासतात. "तांदळाएवढा हवा. एवढा लांब घातलास तर बाळाची बोटं अडकतील." लेक सुईत दोरा ओवून देते, तेही मोबाईलवरची नजर न काढता. नवरा भिंतीला चिकटून स्वयंपाकघर गाठतो.

यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांचं फूल लावतात. त्याशिवाय त्यांची कवंदी पुरी होत नाही. मलाही ते करून बघायचंय. लेकीच्या शाळेच्या जुन्या फ्रॉकचं कापड त्याला चालेल. फक्त ती हो म्हणायला हवी. तो फ्रॉक तिने अजून कुणाला हात लावू दिलेला नाही.