मान्ना उद्यापर्यंत टिकत नाही

बायबलच्या जुन्या करारात, निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात, सांगितलेला एक नियम वाचकाला सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. अरण्यातून चाललेल्या इस्राएली लोकांना देव रोज सकाळी मान्ना, म्हणजे दव विरल्यावर जमिनीवर दिसणारे अन्न, पुरवतो. परंतु ते ज्याने त्याने त्या दिवसापुरतेच वेचायचे असते, आणि शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवसाची सवलत सोडली, तर उद्याच्या धास्तीने राखून ठेवलेल्या अन्नात सकाळपर्यंत किडे पडतात. प्रभूच्या प्रार्थनेतही भाकर मागितली जाते ती आजचीच. देवावरचा विश्वास हाही असाच रोज नव्याने वेचावा लागतो, आणि ख्रिस्ती घरांतले नित्याचे शास्त्रवाचन हे त्याचे वेचणे होय.

इंद्रायणीकाठच्या इंदुरीत ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. दाभाड्यांच्या किल्ल्याच्या या गावाच्या परिसरातच तुकोबांच्या चिंतनाने पावन झालेला भंडारा डोंगर आहे, आणि त्यांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे महाराजांची समाधीही जवळच, सुदुंबऱ्याला आहे. हरिपाठ चुकला तर दिवस अपुरा मानणाऱ्या वारकरी घराला नित्यपाठ, म्हणजे रोज नेमाने करायचे पठण, वेगळा समजावून सांगावा लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले, ते याच मातीत उमगते. १८९३ साली राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. तो वाचताना मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

याच पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दौंड तालुक्यातील केडगाव येथे, नित्य शास्त्रवाचनाचा हा नेम पंडिता रमाबाईंनी दुसऱ्यांसाठी शक्य करून दिला. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण पुराणिक आईवडिलांबरोबर तीर्थाटनात गेले. भागवत त्यांना मुखोद्गत होते, आणि देवळांच्या आवारात पुराण वाचून मिळेल त्यावर कुटुंब जगत होते. ऐकणाऱ्यांतील बहुतेकांना ते संस्कृत कळत नसे. पुढे दुष्काळात उपासमारीने आई, वडील आणि बहीण गेली. ज्या मुलीने धर्मग्रंथाचे शब्द आणि रिकामे पोट ही दोन्ही इतक्या जवळून पाहिली, तिने १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणून त्यांना केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला. आणि अमेरिकेतील साहाय्यक मंडळाने दिलेली दहा वर्षांच्या मदतीची हमी १८९८ मध्ये संपल्यावरही, उद्याचे धान्य देव देईल या भरवशावर तो संसार चालू ठेवला. या धबडग्यात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही कळावे म्हणून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. छपाईही मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या हातून झाली. १९२१ साली मनोरमा ही एकुलती एक मुलगी गेली, तरी काम थांबले नाही; ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये वाचकांच्या हाती आला. मराठी स्त्रीने केलेल्या ग्रंथकार्यांत याला जे स्थान मिळायला हवे होते, ते अद्याप मिळालेले नाही.

बायबलचे एकूण १,१८९ अध्याय असून रोज तीन-चार वाचले तर ते वर्षात पूर्ण होते, आणि असा संकल्प नवीन वर्षाला पुष्कळ जण करतात. संकल्प चांगलाच आहे. मात्र लेवीय या पुस्तकातील यज्ञविधींपाशी अनेकांचा नेम अडखळतो, आणि मागे राहिलेल्या अध्यायांच्या ओझ्यानेच तो पुढे सुटतो. वास्तविक कालचा चुकलेला पाठ आज भरून काढण्याची गरज नसते, कारण कालचा मान्ना कालच्यासाठीच होता. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी एकच, घरातल्या सर्वांना ऐकू जाईल असे सावकाश वाचले, तरी त्या दिवसाचा नेम पुरा होतो. विश्वास दृढ झाल्यावर वाचू असे म्हणणाऱ्याने वाट पाहत बसू नये. आज एक अध्याय उघडावा, कारण विश्वास वाचता वाचताच दृढ होतो.