नांगराची दोरी

घरात वृद्ध आईवडील असतील तर ‘त्यांना आता कुठे ठेवायचे?’ हा प्रश्न कधी ना कधी आपल्यापुढे उभा राहतोच. या प्रश्नाकडे पाहण्याची एक रीत मला माझ्या वडिलांकडून मिळाली. ती आपणांसही उपयोगी पडेल, असे वाटते.

माझे वडील ८६ वर्षांचे आहेत. वसई तालुक्यातील अर्नाळ्याला, जिथे वैतरणा समुद्राला मिळते आणि समोरच्या बेटावर किल्ला उभा आहे, तिथे त्यांचे सारे आयुष्य दर्यावर गेले. त्यांच्या तरुणपणी त्यांच्या होडीला यंत्र नव्हते. शीड, वारा आणि भरती-ओहोटी यांचाच काय तो भरवसा. वारा फिरला की एखाद्या बेटाच्या किंवा खाडीच्या आडोशाला रात्र काढावी लागे. आता त्यांची स्मृती मंदावली आहे. सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही. नांगर कुठे टाकावा हे मात्र ते आजही बिनचूक सांगतात.

जागा अंधार पडण्यापूर्वी शोधावी. वाऱ्याला आडोसा हवा. तळ चिखलाचा असावा. खडकात नांगर एक तर धरत नाही, नाही तर असा अडकतो की निघत नाही. ओहोटीला पाणी किती उरेल, याचा हिशेब आधीच करावा. आणि दोरी सैल सोडावी, पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट. दोरी आखूड असली तर प्रत्येक लाटेसरशी नांगर वर ओढला जातो आणि सुटतो. लांब दोरीचा ताण आडवा पडतो, त्यामुळे नांगर अधिकच रुततो. मात्र एवढ्या दोरीवर होडी वाऱ्याबरोबर गोल फिरणार; त्या फेऱ्यात दुसरी होडी वा खडक नसावा.

धाकट्या भावाने वडिलांना विरारला, आपल्या चौथ्या मजल्यावरील घरी नेण्याचा आग्रह धरला. आग्रह मायेचाच होता. पण स्मृती क्षीण होत असताना ओळखीची जागा आणि ओळखीची माणसे हाच मोठा आधार असतो. वडिलांना विचारले, त्यांनी अर्नाळाच सांगितले. शेजाऱ्यांनी दाराला बाहेरून कडी लावण्याचे सुचविले, ते आम्ही केले नाही. त्याऐवजी त्यांच्या फिरण्याच्या वाटा मोकळ्या केल्या. सरकणारी पायपुसणी काढली, न्हाणीघरात भिंतीला पकडदांडा बसविला, पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचा मंद दिवा ठेवला, सदऱ्याच्या खिशात नाव आणि दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी घातली. संध्याकाळी कोणी ना कोणी त्यांच्यासोबत किनाऱ्यापर्यंत जाते. ते पडण्याचा धोका यामुळे नाहीसा झालेला नाही. तो आम्ही सर्वांनी मिळून, जाणून स्वीकारला आहे.

आता थोडे शुश्रूषा करणाऱ्यांसाठी. वडील रात्री दोन-तीनदा उठतात आणि दोरी पाहिली का, असे विचारतात. असे जागरण महिनोन्‌महिने एकट्याने सोसवत नाही. नौदलातील दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघून ते मे २०१० मध्ये परतले. वाटेत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटे आणि दक्षिण आफ्रिका अशा चार ठिकाणी ते थांबले, नौकेची डागडुजी केली, विसावले. त्या चार मुक्कामांमुळे त्यांच्या प्रदक्षिणेला कोणी उणे म्हटले नाही.

आपणही आपले मुक्काम आधीच ठरवून ठेवावेत. आमच्याकडे शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री भाऊ अर्नाळ्याला येऊन वडिलांजवळ झोपतो. मी त्याला एकच सांगून ठेवले आहे : दोरीचे विचारले, तर ‘पाहिली, बाबा, पुरेशी सोडली आहे’ एवढेच म्हण. मग ते शांत झोपतात, आणि मीही.