गाडी काल कुठं होती

मी राहतो सुलतानपूरला, नोकरी मेहकरच्या शाळेत. सकाळी मोटरसायकल लोणारचा रस्ता फुटतो तिथं कुठंतरी लावायची आणि एसटी धरायची, असा ११ वर्षांचा क्रम. हे 'कुठंतरी' एकदा अंगाशी आलं.

गेल्या पावसाळ्यातला मंगळवार. संध्याकाळी एसटीतून उतरलो आणि सरळ पानटपरीमागच्या कडुनिंबाकडे गेलो. गाडी नाही. चिखलात चाकांचा माग होता, साइड स्टँड रुतल्याचा खड्डाही होता. इथंच किल्ली काढली, वाकताना फांदी हेल्मेटला घासली, सगळं लख्ख आठवत होतं. पोटात गोळा आला. चहावाल्याला विचारलं, "माझी गाडी कोणी नेली का?"

तो दूध ढवळता ढवळता म्हणाला, "सर, गाडी तं खताच्या दुकानापाशी हाये. इथं तुमी काल लावली व्हती."

गाडी तिथंच होती. आठवण खोटी नव्हती, तिच्यावरची तारीख तेवढी चुकली होती.

बी.एड.ला आम्ही एबिंगहाउसचा विस्मरणाचा वक्र घोकला होता. या जर्मन माणसानं निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले, १८८५ साली ते छापले. दिवस उलटला की पाठ केलेलं बरंचसं गळतं, एवढं लिहिलं की मार्क मिळायचे. काळ आठवणींना वाळवीसारखा खातो, अशीच माझी समजूत झाली. मग सोमवारची आठवण शाबूत आणि मंगळवारची गायब, हे कसं?

याचं उत्तर पुढं बेंटन अंडरवुड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या कामात सापडलं. १९५७ साली त्यानं अनेक प्रयोगांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. पहिलीच यादी पाठ करणारा माणूस दुसऱ्या दिवशी साधारण पाव भाग विसरतो. आधी १५-२० याद्या पाठ केलेला मात्र पाऊण भाग विसरतो. एबिंगहाउसनं तर शेकड्यांनी याद्या घोकल्या होत्या. बिचारा स्वतःच्याच याद्यांखाली दबला!

आई मला हाक मारताना आधी थोरल्या भावाचं नाव घेते, मग माझ्या मुलाचं, तेव्हा कुठं माझी पाळी येते. वय झालं म्हणून मी हसायचो. पण वर्गात मीही धाकटीला तिच्या मोठ्या बहिणीच्या नावानं उभं करतो. आमच्या शाळेत नव्यानं लागलेल्या सरांची अशी चूक होत नाही. त्यांच्याकडे अजून घोळ घालायला नावंच नाहीत.

तेव्हापासून गाडी रोज खताच्या दुकानापाशीच. परवा तिथं युरियाचा ट्रक आडवा लागलेला, म्हणून कडुनिंबाखाली लावली आणि चहावाल्याला ओरडून सांगितलं, "आज कडुनिंब!" संध्याकाळी उतरलो तर पाय खताच्या दुकानाकडे. त्यानं काही न बोलता हातातली गाळणी कडुनिंबाकडे केली.