सात दिवस

गाठ हा आमच्या भाषेतला किती मायेचा शब्द! लग्नाची गाठ, विसरू नये म्हणून पदराला मारलेली गाठ, सणावारी होणाऱ्या गाठीभेटी, होळीला लेकरांच्या गळ्यात घालायच्या साखरेच्या गाठी. त्याच शब्दाने गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरात निराळ्याच पावलांनी प्रवेश केला. इंदुरात आमच्या घराण्याच्या चार पिढ्या गेल्या, त्यामुळे दवाखान्यातले बोलणे हिंदीतूनच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गठान है, जाँच करवा लेते हैं." घरी येईपर्यंत आम्ही त्या शब्दाचे मराठी केले नाही.

आम्ही दोघी जावा. गाठ कोणाच्या स्तनात होती, हे येथे लिहीत नाही. त्या दिवसांत आम्हालाही तो भेद फारसा उरला नव्हता. (छातीत न लिहिता स्तनात असे मुद्दामच लिहिले आहे. या एका शब्दाच्या संकोचापायी दुखणे महिनोन् महिने झाकून ठेवणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत.)

तपासणीचे फार सांगण्यासारखे नाही. जागा बधिर केली, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत जाडशा सुईने शेवयांच्या तुकड्यांएवढे तीन-चार नमुने घेतले. प्रत्येक वेळी खट्कन आवाज होई, तेवढाच काय तो धसका. पट्टी बांधून अर्ध्या-पाऊण तासात बाहेर. "सात दिवसांनी या," असे सांगण्यात आले आणि खरे दुखणे तेथून सुरू झाले.

बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ते खरेही आहे. परंतु रात्री दोन वाजता 'बहुतेक' हा शब्द काय कामाचा? दिवसा तो धीर देतो, रात्री त्याच्याच पोटातून उरलेल्या थोड्या बायका बाहेर येतात, आणि आपण त्यांतच उभ्या दिसतो. मोबाइलवर वाचू लागावे तर एका दुव्यातून दुसऱ्यात शिरत पहाट होई. तिसऱ्या दिवसापासून रात्री नऊनंतर दोन्ही मोबाइल देवघराच्या फळीवर ठेवायचे ठरवले.

अधिक उपयोग झाला तो आमच्या भाचीचा. ती बडोद्याला प्रयोगशाळेत काम करते. इतके दिवस का लागतात, असे विचारले तेव्हा तिने स्वयंपाकाची कृती सांगावी तसे सारे सांगितले. नमुना आधी फॉर्मलिनमध्ये मुरवायचा. स्तनाच्या नमुन्याला किमान ६ तास तरी हवेत आणि ७२ तासांहून अधिक ठेवू नये. मग अल्कोहोलने त्यातले पाणी काढायचे, मेणात बसवून वडी करायची. त्या वडीचे मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाइतके पातळ काप काढून काचेवर घ्यायचे आणि जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवायचे, तेव्हा कोठे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. कधी आणखी काप लागतात, कधी मध्येच रविवार येतो. उशीर झाला म्हणजे बातमी वाईटच, असे नाही. हे ऐकल्यावर भीती गेली नाही. पण "आता मेणात बसवली असेल," असे एकमेकींना म्हणता येऊ लागले. काहीच न घडणाऱ्या दिवसांत कोठेतरी काही घडते आहे, एवढा आधार मिळाला.

भीतीला वेळ नेमून द्यावा, ही कल्पनाही तिचीच. संध्याकाळी साडेसहा ते सात आम्ही गच्चीवर जात असू. तेथे जे मनात येईल ते बोलायचे, दुसरीने "असं बोलू नये" म्हणायचे नाही. शस्त्रक्रियेचा खर्च, केस, मुलीचे ठरत आलेले लग्न, नवऱ्याचे वागणे, मरण. एके दिवशी अर्धा तास केवळ हिशेबाच्या वहीवरच बोलणे झाले. ती घरात आणखी कोणाला वाचता येत नाही! इतर वेळी भीतीने डोके वर काढले की तिला गच्चीची वेळ सांगायची. ती नेहमी ऐके असे नाही. निम्म्या वेळा ऐके.

सासूबाईंना चौऱ्याऐंशीव्या वर्षी काळजी नको म्हणून काही सांगितले नव्हते. चौथ्या दिवशी गराडू सोलताना त्या म्हणाल्या, "कागद कधी मिळायचा आहे?" आम्ही एकमेकींकडे पाहू लागलो. "थंडीच्या दिवसांत रोज गच्चीवर जाता, ते काय चांदण्या मोजायला? मला एकटीला बाहेर ठेवलंत, ते बरं नाही केलंत." त्यांची सहाणेसारखी गार बोटे मग बराच वेळ आमच्या हातांवर होती. पाचव्या दिवसापासून त्याही एकेक पायरी बसत-उठत गच्चीवर येऊ लागल्या.

सातव्या दिवशी कागद मिळाला. गाठ साधी होती. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचे, एवढेच. फोनवर सासूबाई काही बोलल्याच नाहीत. नुसता नाक ओढल्याचा आवाज आला.

त्याच बाकावर देवासहून आलेल्या एक बाई बसल्या होत्या. "आपका क्या निकला?" त्यांनी विचारले. "साधी है," असे सांगताना आमचा आवाज का कोण जाणे खाली आला. तेवढ्यात आतून त्यांच्या यजमानांना एकट्यालाच बोलावले. ही रीत आम्हाला कधीच पटलेली नाही. देह बाईचा, आणि कागद आधी दुसऱ्याच्या हाती! आमच्यापैकी एकीने दार लोटून म्हटले, "इनको भी अंदर बुलाइए." आतल्यांनी क्षणभर पाहिले आणि मान हलवली. बाई पदर सावरून उठल्या, हातातली पिशवी त्यांनी आमच्याकडे दिली आणि आत गेल्या.

खाली रिक्षावाला थांबला होता. त्याचे पैसे देऊन त्याला परत पाठवले आणि पिशवी मांडीवर घेऊन आम्ही पुन्हा बाकावर बसलो.