जुन्या तेलातलं लोखंड

डिपस्टिक ओढायची, फडक्याला पुसायची, परत घालून ओढायची आणि टोकाला आलेलं तेल अंगठा-बोटाच्या चिमटीत घासायचं. उमरग्यापासून येडशीपर्यंत कुठल्याही गॅरेजसमोर उभे राहा, ट्रकच्या इंजिनाची तपासणी अशीच सुरू होते. ही पद्धत टाकाऊ नाही. तेलात डिझेल उतरलं असेल तर वास येतो, तेल पातळ लागतं. पाणी शिरलं असेल तर तेल दुधाळ होतं. पण त्याच्यापुढे बोट मुकं आहे. साधारण चाळीस मायक्रॉनपेक्षा बारीक कण नुसत्या डोळ्याला दिसत नाही, आणि रोजच्या झिजेचे कण त्याहून खूप बारीक असतात.

रंगाचं तर विचारूच नका. ‘तेल काळं पडलंय, बदला’ हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. डिझेल इंजिनात घातलेलं नवं तेल थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण जळणातली काजळी ते स्वतःत धरून ठेवतं. ते त्याचं कामच आहे. तेल काळं झालं याचा अर्थ एवढाच, की ते कामाला लागलंय.

आमच्या घरी एक दहाचाकी आहे. अण्णांनी पंचवीस वर्षं स्टिअरिंग धरलं, आता गुडघ्यांमुळे ड्रायव्हर ठेवलाय. सोयाबीन लातूरला, कांदा सोलापूरला आणि दिवाळीनंतर उसाचा हंगाम. गाडीचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो, गाडी चालो न चालो. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि पुण्यात कामाला लागले. तिथल्या जनरेटरच्या तेलाचे नमुने दर काही तासांच्या वापरानंतर लॅबला जायचे. मग एका सप्टेंबरात गावी आल्यावर गाडीचं तेल बदलायला काढलं, तेव्हा मी बाटली घेऊन गाडीखाली शिरले.

“काय करूलालीस गं?” अण्णा.

“नमुना घेतेय.”

मिस्त्री चाचा हसले. “नासलेलं दूध डॉक्टरकडं नेतं का कुणी, बेटी?”

नमुना घ्यायलाही रीत आहे. इंजिन गरम पाहिजे, म्हणजे कण तळाला बसलेले नसतात. बोल्ट काढल्यावर पहिली धार सोडून द्यायची, शेवटचीही नको, मधली धरायची. बाटली कोरडी, कोरी. सोबत लिहायचं की इंजिन किती चाललंय, हे तेल किती चाललंय आणि मध्ये वरून किती लिटर घातलं. हे शेवटचं कुणी लिहीत नाही. पण वरून चार लिटर नवं तेल घातलं, की सगळे आकडे आपोआप खाली येतात आणि रिपोर्ट उगाचच छान दिसतो.

लॅबमध्ये काय होतं ते वाशी तालुक्यातल्या तेरखेड्याच्या माणसाला पटकन कळेल. फटाक्याच्या दारूत स्ट्रॉन्शियम असलं तर उजेड लाल, बेरियम असलं तर हिरवा, तांबं असलं तर निळसर. तेलाच्या तपासणीत हेच करतात. थेंबभर तेल ठिणगीत नाहीतर प्रचंड तापलेल्या वायूत जाळतात आणि त्या उजेडात कुठला धातू किती, ते यंत्र मोजतं. अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रँड या रेल्वेने 1940च्या दशकात डिझेल इंजिनांवर हे सुरू केलं. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही अशा तपासण्या होत आल्यात. ट्रकवाल्यापर्यंत मात्र त्या पोचल्या नाहीत. खर्चामुळे म्हणावं, तर एका टायरच्या पैशात वर्षभराच्या तपासण्या बसतात.

आकडे पीपीएममध्ये येतात, दहा लाखांत एक भाग. समजा इंजिनात वीस लिटर तेल आहे, म्हणजे साधारण साडेसतरा किलो. त्यात लोखंड 50 पीपीएम निघालं तर अख्ख्या तेलात मिळून एक ग्रॅमसुद्धा लोखंड नाही. ते चिमूटभर लोखंड लायनरचं, रिंगांचं, क्रँकचं.

पहिल्या रिपोर्टमध्ये सिलिकॉन 30 आलं. सिलिकॉन म्हणजे धूळ, असं ठोकून देता येतं. पण मातीत सिलिकॉनबरोबर अ‍ॅल्युमिनियमही असतं, आणि ते फक्त 3 होतं. चाचांनी दोन महिन्यांपूर्वी हेड गॅस्केट बदलताना सीलंट लावलं होतं, त्यात सिलिकॉनच असतं. म्हणून तो आकडा तसाच सोडला. एका रिपोर्टवर इंजिन उघडू नये, हे माझं ठाम मत आहे. पुढच्या आकड्याशी ताडून बघेपर्यंत पहिला आकडा नुसता आकडा असतो.

दुसरी बाटली डिसेंबरात भरली, तेवढ्याच किलोमीटरवर. हंगाम जोरात होता, गाडी रोज पाणंदीतून शेतात जात होती, आणि आपल्याकडची काळी माती कोरडी झाली की पिठासारखी उडते. या वेळी सिलिकॉन 41, अ‍ॅल्युमिनियम 13, लोखंड दुप्पट. दोन्ही मिळून वाढलेत म्हणजे ही माती. एअर फिल्टर नवा होता. चाचांनी फिल्टरच्या पुढचा रबरी पाइप वाकवून बघितला, तर क्लॅम्पखाली बोटभर चीर. फिल्टर चुकवून धूळ थेट इंजिनात जात होती. पाइप त्याच दिवशी बदलला. चाचा त्यानंतर नासलेल्या दुधाचं बोलले नाहीत.

पण आत गेलेली माती आपलं काम करून गेली होती. फेब्रुवारीच्या बाटलीत सिलिकॉन उतरलं आणि शिसं 6 वरून 34 वर गेलं, तांबंही वाढलेलं. आमच्या इंजिनातल्या बेअरिंगचा सगळ्यात वरचा थर शिसं-कथलाचा असतो, केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही पातळ, आणि त्याच्या खाली तांबं. नुसतं तांबं वाढलं असतं तर ऑइल कूलरकडे बोट दाखवता आलं असतं. दोन्ही वाढले म्हणजे वरचा थर जाऊन खालचा लागलाय.

हंगामाचे तीन आठवडे उरले होते. अण्णा म्हणाले, “प्रेशर बरोबर हाय, आवाज न्हाई. गाडी उभी करायची ती कागद बघून?” त्यांचं चूक नव्हतं. आठ दिवस गाडी उभी म्हणजे तेवढ्या खेपा गेल्या, ड्रायव्हरचा पगार चालू आणि पाच तारीख जागेवरच. माझं म्हणणं इतकंच, की आवाज यायला लागेल तेव्हा बेअरिंगच्या पैशात भागणार नाही, क्रँक घासावी लागेल. त्या रात्री अण्णांनी तिन्ही कागद कॉटवर एकाशेजारी एक मांडले. अंकांवर बोट ठेवून शिशाची ओळ तीनदा वाचली. सकाळी चाचांना फोन त्यांनीच केला.

चेंबर उतरवला. दोन शेलवर तांबूस पट्टे उघडे पडले होते. क्रँक मात्र गुळगुळीत होती. बेअरिंग बदलून गाडी नवव्या दिवशी बाहेर पडली, तोवर फडांतला ऊस संपत आला होता. चाचा आजही म्हणतात, “अजून एक हंगाम निघाला असता.” निघालाही असता. तेच इंजिन दोनदा चालवून बघता येत नाही, आणि वाचलेल्या क्रँकचं बिल कुणी देत नाही. घरातल्या हिशेबाच्या वहीत त्या महिन्याला तोटाच लिहिलेला आहे.

यंदा अण्णांना दुसरी गाडी घ्यायचीय, जुनीच. मागच्या महिन्यात आम्ही एक बघायला गेलो. मालकाने कौतुकानं सांगितलं, “कालच तेल बदललंय, बघा कसं मधासारखं हाय.” अण्णांचा चेहरा पडला. नव्या तेलात काहीच सापडत नाही. आधीचं सगळं कुणाच्या तरी डब्यात ओतलं गेलेलं असतं.

“पाच हजार किलोमीटर चालवा तुम्ही,” अण्णा म्हणाले, “मग आम्ही येऊन बाटली भरून नेतो.”

“दादा, गाडी घ्यायची हाय का डॉक्टरकी करायची हाय?”

अण्णांनी केबिन खाली पाडली, हात पुसले आणि चहाचं विचारलं.