ज्या भाषेंत कोणी रडलें नाहीं

तपकीर, पत्ते आणि चहा ह्या तीन व्यसनांविषयीं आपल्या घरांतून पुष्कळ बोललें गेलेलें आहे. परंतु नवी भाषा घडविण्याचें व्यसन लागलेला मनुष्य फारसा कोणाच्या पाहण्यांत नसेल. ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन ह्यांना तें लहानपणापासून जडलें होतें. १९३१ सालीं त्यांनीं ह्याच विषयावर एक व्याख्यान दिलें, आणि तें पुढें 'एक गुप्त व्यसन' अशा अर्थाच्या नांवानें प्रसिद्ध झालें. त्यांत सैन्यांतल्या दिवसांची एक गंमतीची आठवण आहे. तंबूंत कसलेंसें रटाळ शिक्षण चाललें असतां शेजारीं बसलेला एक ठेंगणा इसम, स्वप्नांत असल्याप्रमाणें, एकाएकीं पुटपुटला कीं, द्वितीया विभक्ति आपण उपसर्गानेंच दाखवावी हें बरें! तो मनांतल्या मनांत एक भाषा रचीत होता. टोल्किन ह्यांनीं त्याला तत्काळ ओळखलें. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक असतात!

टोल्किन ह्यांचा जन्म १८९२ चा व मृत्यु १९७३ चा. १९३७ सालीं 'द हॉबिट' आणि १९५४-५५ सालीं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ह्या ग्रंथांनीं त्यांचें नांव जगभर झालें. ह्या कथांतून एल्फ नांवाचे लोक येतात. हे एल्फ म्हणजे फुलांवर बसणाऱ्या चिमुकल्या पऱ्या नव्हेत. उंच, तेजस्वी, जरेचा स्पर्श नसलेले आणि गाण्यांत रमणारे असे ते आहेत. आपल्याकडील गंधर्वांची आठवण व्हावी! पण वाचकांना बहुधा ठाऊक नसतें तें हें कीं, एल्फांच्या गोष्टी मागाहून आल्या आणि त्यांच्या भाषा आधीं झाल्या. ह्या भाषांना राहावयास घर हवें म्हणून आपण गोष्टी रचल्या, असें टोल्किन स्वतः सांगत. १९१५ च्या सुमारास, म्हणजे 'द हॉबिट'च्या वीस-बावीस वर्षें आधीं, त्यांनीं पहिला शब्दसंग्रह लिहावयास घेतला होता. पुढें त्यांतून दोन मुख्य भाषा सिद्ध झाल्या. एक क्वेन्या; ती आपल्या संस्कृतसारखी जुनी व विद्वानांची. दुसरी सिंदारिन, ती रोजच्या बोलण्याची.

१९३७ च्या सुमारास त्यांनीं ह्या भाषांचा धातुकोश लिहून ठेवला होता. त्यांचे चिरंजीव क्रिस्टोफर ह्यांनीं तो १९८७ सालीं छापून प्रसिद्ध केला. इतर लोक कादंबरी वाचतात तसा मी हा कोश वाचीत बसतों, आणि त्यांतहि गाण्याविषयींचे शब्द मला पुनः पुनः ओढून नेतात. आमच्या घरांत ह्या वाचनाची थट्टा होते. ती मला मान्य आहे. परंतु एके दिवशीं आमच्या वहिनी सहज म्हणाल्या, "भाऊजी, ज्या भाषेंत कधीं कोणी रडलें नाहीं, त्या भाषेंत गाणें तरी कसलें?" हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. मला तेव्हां उत्तर सुचलें नाहीं. आज देतों, पण तत्पूर्वीं ते शब्द पाहूं.

पहिला धातु 'लिन्'. मधुर नाद करणें, गाणें, हा त्याचा अर्थ. त्यापासून क्वेन्यांत 'लिंदे' म्हणजे चाल किंवा सुरावट, 'लिंदेले' म्हणजे संगीत, आणि 'लिंदो' म्हणजे गाणारा, मग तो माणूस असो कीं पक्षी. पाकोळीला 'तुइलिंदो' म्हणतात. 'तुइले' म्हणजे वसंत. तेव्हां पाकोळी ही वसंतगायिका झाली. 'लोमे' म्हणजे सांज. तिन्हीसांजेला गाणारा तो नाइटिंगेल 'लोमेलिंदे' झाला. सोनेरी प्रकाशाचा एक दिव्य वृक्ष ह्या पुराणांत आहे. त्याचें नांव 'लाउरेलिन', म्हणजे सुवर्णाचें गीत. आणि 'लिंदा' हें विशेषण सुंदर ह्या अर्थाचें, पण मुख्यतः आवाजापुरतें. आपला 'मंजुळ' शब्द असाच कानाच्या राज्यांतला आहे. मंजुळ चेहरा कोणी म्हणत नाहीं.

पुढें १९६० च्या सुमारास लिहिलेल्या आणि १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ टिपणांत टोल्किन ह्यांनीं ह्या धातूची आणखी फोड केली. 'लिन्' हा पाण्यासाठींहि वापरीत, कारण पाण्याच्या हालचालींत एल्फांना नेहमीं आवाज ऐकूं येई. त्यांच्या पुराणाप्रमाणें सृष्टि मुळीं संगीतांतून झाली. त्या सृष्टिकथेचें नांव 'आइनुलिंदाले', म्हणजे आइनु ह्या पवित्र शक्तींचें संगीत. ती १९७७ सालीं निघालेल्या 'द सिल्मरिलियन' ह्या ग्रंथाच्या आरंभीं आहे. त्या आद्य संगीताचा प्रतिध्वनि पृथ्वीवरील इतर कोणत्याहि वस्तूपेक्षां पाण्यांत अधिक उरला आहे, असें तेथें सांगितलें आहे. धातुकोशांतली एक ओळ आणि पुराणांतली एक समजूत अशीं एकमेकांना येऊन मिळतात.

एल्फांच्या तीन कुळांपैकीं तिसरें कूळ सर्वांत मोठें. प्रवासांत तें रेंगाळत मागें राहिलें, म्हणून इतरांनीं त्याला 'तेलेरि', म्हणजे शेवटीं येणारे, असें नांव ठेवलें. तीं माणसें मात्र स्वतःला 'लिंदार' म्हणवीत. लिंदार म्हणजे गाणारे. शब्द असोत वा नसोत, त्यांना गळ्यांतून निघणाऱ्या सुराचीच आवड होती, असा खुलासा टोल्किन करतात. तो वाचतांना ज्याला आपला आलाप आठवणार नाहीं असा मराठी श्रोता विरळा! जगानें मागें पडलेले म्हणावें आणि आपण आपल्याला गाणारे म्हणावें, ह्यांत केवढें शहाणपण आहे!

दुसरा धातु 'लिर्' किंवा 'ग्लिर्'. ह्याचा अर्थ गाणें, आणि त्याचबरोबर कविता म्हणून दाखविणें. 'लीरे' म्हणजे गीत, आणि 'लीरिनेन' म्हणजे गीतानें. हा तृतीयेचा प्रत्यय आपल्या 'नें'च्या इतका जवळ यावा हा निव्वळ योगायोग. पण प्रथम पाहिला तेव्हां परक्या गांवीं ओळखीचा चेहरा दिसावा तसें मला झालें. ह्या धातूंत बोलणें आणि गाणें ह्यांची सरमिसळ आहे, आणि ती आपल्याला नवी वाटूं नये. आपण ओवी म्हणतों, आरती म्हणतों, पाळणा म्हणतों. इतकेंच काय, गाणेंसुद्धां म्हणतों. संस्कृत धातुपाठांत 'गै' धातूचा अर्थ 'शब्द' असाच दिलेला आहे. शब्द म्हणजे अर्थात् नाद.

आणखी दोन धातु सांगून ही यादी पुरी करतों. 'न्येल्' म्हणजे नाद घुमणें, गोड आवाज देणें. त्यापासून 'न्येल्ले' म्हणजे घंटा आणि 'न्येल्लो' म्हणजे गायक. देवळांतली घंटा आणि देवापुढें गाणारा हीं एकाच धातूचीं लेकरें ठरलीं! 'ङ्गन्' म्हणजे तारा छेडून वाजविणें. त्याचें क्वेन्यांत 'ङांदे', म्हणजे हार्प हें वाद्य, असें झालें, आणि एल्फांच्या दुसऱ्या भाषेंत तेंच 'गन्नेल' झालें. क्वेन्यांतील 'लोमेलिंदे' ह्या पक्ष्याला सिंदारिन 'दूलिन' म्हणते. 'न्द'चा 'न्न' आणि अखेर नुसता 'न' होणें ही तेथील रीत. आपल्याकडे गानाचें गाणें झालें, तशीच ही झीज. टोल्किन ह्यांनीं नुसते शब्द केले नाहींत. शेंकडों वर्षें वापरून ते कसे झिजले असते, ह्याचेहि नियम घालून दिले. बोलणारीं तोंडें नव्हतीं. तरी तोंडांनीं होणारी झीज तेवढी होती.

आतां वहिनींचा प्रश्न. ह्या भाषांत कोणी रडलें नाहीं, हें खरें आहे काय?

टोल्किन ह्यांचे आजोबा बर्मिंगहॅमला पियानो तयार करून विकीत असत. १८७७ सालीं त्यांचें दिवाळें निघालें. वडील १८९६ सालीं आफ्रिकेंत वारले, तेव्हां हा मुलगा चार वर्षांचा होता. आईनें त्याला घरीं लॅटिन शिकविली, आणि पियानो शिकविण्याचाहि प्रयत्न केला. लॅटिन साधली, पियानो साधला नाहीं. १९०४ सालीं ती माउली मधुमेहानें गेली. तिचें वय ३४ वर्षांचें. इन्सुलिनचा शोध त्यानंतर सतरा वर्षांनीं, १९२१ सालीं लागला. बारा वर्षांचा मुलगा व त्याचा धाकटा भाऊ असे दोघे एका धर्मगुरूच्या पालकत्वाखालीं वाढले. ज्या भाड्याच्या बिऱ्हाडांत पुढें त्यांची सोय लागली, तेथेंच खालच्या मजल्यावर एडिथ नांवाची, तीन वर्षांनीं मोठी, अशीच एक पोरकी मुलगी राहत होती. ती पियानो उत्तम वाजवी. धर्मगुरूनें दोघांना एकवीस वर्षांचा होईपर्यंत परस्परांशीं संबंध ठेवूं नये असें बजावलें. १९१३ सालीं ज्या दिवशीं एकविसावें वर्ष पुरें झालें, त्याच दिवशीं टोल्किन ह्यांनीं तिला पत्र लिहिलें. १९१६ सालीं विवाह झाला, आणि लौकरच ते फ्रान्सच्या रणभूमीवर गेले.

१९६४ सालीं एका संगीतकारानें 'द हॉबिट'वर वाद्यरचना करण्याची परवानगी मागितली. उत्तरांत टोल्किन ह्यांनीं आपल्याविषयीं मोठी मार्मिक कबुली दिली आहे. त्यांच्या सांगण्याचा भावार्थ असा : माझें घराणें संगीताचें, परंतु पोरकेपणामुळें शिक्षण व संधि मिळाली नाहीं, जें संगीत माझ्या ठायीं होतें तें एका संगीत जाणणारीशीं लग्न होईपर्यंत तळाशीं बुडून राहिलें, किंवा त्याचें भाषेंत रूपांतर झालें.

हें वाचल्यावर तो धातुकोश मला निराळा दिसूं लागला. चाल, सुरावट, घंटा, तार, वसंतांत गाणारी पाकोळी, सांजेला गाणारा पक्षी, हे शब्द करमणुकीसाठीं रचलेले नाहींत. ज्या मुलाच्या बोटांना सूर मिळाले नाहींत, त्यानें त्या सुरांचीं निदान नांवें तरी करून ठेवलीं. त्या भाषेंत रडणारें एकच माणूस होतें, पण तें होतें. गाण्याला तितकें पुरतें असें मला वाटतें.

आणि शब्दांत कोंडलेलें तें संगीत पुनः गळ्यांत आलें. डोनल्ड स्वान ह्या संगीतकारानें टोल्किन ह्यांच्या कांहीं कवितांना चाली दिल्या. त्या १९६७ सालीं पुस्तकरूपानें निघाल्या. क्वेन्यांतील एका विलापगीताची त्यानें दिलेली चाल मात्र टोल्किन ह्यांना रुचली नाहीं. आपल्या मनांतली चाल निराळी आहे असें सांगून त्यांनीं ती स्वतः गुणगुणून दाखविली. ती जुन्या ख्रिस्ती मठांतील प्रार्थनेच्या वळणाची होती. स्वाननें तीच घेतली. १९६६ सालीं टोल्किन दांपत्याच्या लग्नाला पन्नास वर्षें झालीं, त्या समारंभांत हीं गीतें म्हटलीं गेलीं. पियानोवर स्वान बसला होता. एडिथबाई १९७१ सालीं वारल्या. ऑक्सफर्डच्या स्मशानांत त्यांच्या नांवाखालीं पतीनें 'लूथिएन' असें कोरविलें. जिच्या गाण्यानें आणि नृत्यानें नायक भारून जातो, ती ही त्या पुराणांतली नायिका. दोन वर्षांनीं त्याच दगडावर टोल्किन ह्यांच्या नांवाखालीं त्या नायकाचें, 'बेरेन' हें नांव आलें.

त्या प्रोफेसरांच्या बाबतींत शब्द आधीं झाला, आणि आवाज पन्नास वर्षांनीं आला. आपल्या घरांत ह्याच्या उलट चाललें आहे. जातें गेलें, पाळणा माळ्यावर गेला. ओवी, भूपाळी, अंगाई हे शब्द तेवढे उरले आहेत, आणि त्यांच्यामागचा आवाज दरवर्षीं क्षीण होत आहे. आमच्या आत्याबाई आतां नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांना येत असलेल्या ओव्या मीं एका वहींत उतरून घ्यावयास आरंभ केला आहे. प्रत्येक ओवीपुढें ती दळतांना म्हणत कीं मूल निजवितांना, तेंहि लिहितों. आणि चालीसाठीं समासांत जागा मोकळी सोडतों.