गोळी बंद, गोळी चालू

प्रोस्टेटच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करण्याचे निश्चित झाले, की रुग्णाची औषधांची पिशवी टेबलावर रिती करून घ्यावयाची, असा माझा परिपाठ आहे. कारण 'रक्त पातळ होण्याची गोळी' एवढ्या एका खुलाशामागे अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा अ‍ॅपिक्सॅबॅन यांपैकी काहीही दडलेले असू शकते, आणि प्रत्येकाची मुदत निराळी असते. वॉरफरिन 5 दिवस आधी थांबवावे लागते, कारण रक्त गोठविणारे घटक नव्याने घडविण्यास यकृताला तेवढा अवधी लागतो. अ‍ॅपिक्सॅबॅनला, मूत्रपिंडे धड असल्यास, 2 दिवस पुरतात. हृदयात स्टेंट असलेल्या गृहस्थाचे अ‍ॅस्पिरिन मात्र मी बहुधा चालूच ठेवतो.

या ग्रंथीच्या पुढ्यात, जघनास्थीच्या मागे, सान्तोरिनीच्या नावाने ओळखले जाणारे शिरांचे जाळे आहे. पूर्वी या शस्त्रक्रियेत जो अनिवार रक्तस्राव होई त्याचा उगम बहुतांशी येथेच असे; बाल्टिमोरच्या पॅट्रिक वॉल्श यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस या शिरांची रचना उलगडून त्या आधीच बांधून घेण्याची रीत घालून दिली, आणि पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात भरलेल्या वायूच्या दाबाने उरलेला स्रावही पुष्कळ आटोक्यात आला. त्यामुळे मला आज अधिक धास्ती वाटते ती गुठळीची. कर्करोगाने मुळातच गोठण्याकडे कललेले रक्त ओटीपोटावरील शस्त्रक्रियेनंतर पोटरीत साखळते, आणि पुष्कळदा ते रुग्ण घरी गेल्यावर.

वॉरफरिन थांबविले, की मधल्या दिवसांत हेपॅरिन टोचण्याचा पूर्वी जवळजवळ सरसकट दंडक होता. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या 'ब्रिज' चाचणीने दाखविले, की हृदयाची लय बिघडलेल्या बहुतेक रुग्णांना त्याने पक्षाघातापासून अधिक संरक्षण मिळत नाही, रक्तस्राव मात्र वाढतो. धातूची मायट्रल झडप बसविलेल्याची गोष्ट वेगळी. तेथे हृदयरोगतज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून मी कोणतीच तजवीज करीत नाही.

गोळी बंद करावयाची तारीख सर्वांच्या ध्यानात राहते. सुरू करावयाची कोणाच्याच नाही. म्हणून घरी सोडताना 'औषधे पूर्ववत्' असे मोघम लिहिणे मला मुळीच मान्य नाही. थैलीतील लघवीचा रंग पाहून मी तारीख आणि मात्रा लिहितो, आणि रुग्णाच्या पत्नीला म्हणतो, "काकू, वाचून दाखवा बघू." त्या चष्मा सावरून अक्षर न् अक्षर वाचतात आणि विचारतात, "लघवीत पुन्हा लाल दिसलं, तर बंदच करू ना गोळी?"

"आपल्या मनानं नाही, आधी मला फोन करा. आणि एकाच पायाला सूज आली किंवा धाप लागली, तर फोन करण्यातही वेळ घालवू नका, काकांना घेऊन थेट रुग्णालयात या."